आधी मोज, मग दळ

अक्कांबरोबर लग्नाला जायची सोय नव्हती. मंडपात शिरल्याबरोबर नवरा-नवरी राहिले बाजूला, ह्या बाई आधी पंखे मोजणार, मग खुर्च्या, मग भटारखान्याकडे एक नजर टाकणार आणि माझ्या कानाशी येऊन म्हणणार, "बोदवड, चल, पहिल्या पंगतीलाच बसून घेऊ. ह्यांनी पत्रिका जास्त वाटल्यात." आणि खरंच सांगते, दुसऱ्या पंगतीला वरण पातळ व्हायचं अन् तिसऱ्या पंगतीला बट्ट्या संपायच्या. मुलीचा बाप हात जोडत फिरत असायचा, तेव्हा अक्का हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून मोकळ्या झालेल्या असायच्या.

बोदवड म्हणजे मी. माझं नाव वेगळं आहे आणि चांगलं आहे, पण अक्कांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या घरात भाड्यानं राहणारी प्रत्येक मुलगी तिच्या गावाच्या नावानं ओळखली जायची. एक शहादा होती, एक साक्री होती, एक चोपडा होती, आणि मी बोदवड. "साक्री, गिझर बंद कर! शहादा, तुझा डबा वास मारतोय!" शेजारच्या काकूंना पहिल्यांदा वाटलं होतं की ही बाई एसटीच्या कंट्रोल रूममध्ये कामाला आहे. मी एकदा चिडून विचारलं, "अक्का, आम्हाला नावं नाहीत का?" तर म्हणाल्या, "नाव तुझ्या आईबापाच्या कामाचं. मला पत्ता लागतो. उद्या काही झालं तर कुठं फोन करायचा ते माहीत असलं म्हणजे झालं."

धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सेंटर त्यांच्या ताब्यात होतं. मी तिथं टेक्निशियन म्हणून लागले आणि राहायला जागा मिळेना म्हणून देवपूरला त्यांच्याच घरात खोली घेतली. म्हणजे दिवसभर साहेबीण त्या आणि संध्याकाळी घरमालकीणही त्याच. ऑफिसातले लोक म्हणायचे, "बाई गं, तुझं कसं व्हायचं!" झालं ते बरंच झालं, पण सुरुवातीला मी आईला फोनवर रडत सांगितलं होतं की ही बाई माणसाला माणूस म्हणून बघतच नाही, बादल्यांत मोजते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काम दाखवलंच नाही. कॉलेजचा सर्व्हर बंद केला, परत चालू केला आणि म्हणाल्या, "बघत बस." काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. मी आपली मान हलवत राहिले.

"हे उठल्याबरोबर पहिलं काय करतं?"

"चालू होतं."

"चालू तर बैलगाडीसुद्धा होते. पहिलं काय करतं?"

मग त्यांनी परत मागच्या ओळी काढल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच. घरात एकूण मेमरी इतकी. त्यातली माझी स्वतःची इतकी. उरली ती तुमची. कळलं का कोण बोलतंय?"

बोलत होतं कर्नल. कर्नल म्हणजे सगळ्या सिस्टिमचा गाभा, एवढं मी पुस्तकात वाचलेलं होतं. अक्कांच्या लेखी कर्नल म्हणजे घरातली कर्ती बाई. ती दिसत नाही, पंगतीला बसत नाही, पण तिच्या हातून गेल्याशिवाय कोणाला घासभर मिळत नाही. ही बाई सकाळी उठली की आधी डब्यात किती पीठ आहे ते बघते. मशीनमध्ये मेमरी किती लावलीय ते पाहून मगच ती सगळ्या हद्दी ठरवते: एका वेळी किती कामं घरात घ्यायची, किती फायली उघडू द्यायच्या. कारण काम आलं की ते काही करायच्या आधीच त्याला सांभाळायला थोडी मेमरी जाते. पाहुणा जेवायच्या आधी त्याला पाट लागतो, तसं.

"ह्या सांभाळण्याच्या खर्चाला घराचा आठवा हिस्सा, त्याच्यावर नाही," अक्का बोटांवर मोजत म्हणाल्या. "त्यावरून निघाली कामांची हद्द. त्यातही एकट्या माणसाला निम्म्याच्या वर नाही, नाहीतर एकच हावरट सगळं घर खाईल. फायलींना साधारण दहावा हिस्सा."

"हे आकडे तिला कोण देतं?"

"कोणी नाही. हिशोबाची रीत तेवढी शिकवून ठेवलेली आहे. आकडा ती घर बघून काढते. लहान घराला लहान, मोठ्या घराला मोठा. दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्याला लावला तर एक तर माणसं गुदमरतील, नाहीतर खोल्या रिकाम्या पडतील." मग उठता उठता त्यांनी त्यांचं ते ठरलेलं वाक्य टाकलं, "आधी मोज, मग दळ."

हे वाक्य त्या दिवसातून पाच-पंचवीस वेळा म्हणायच्या. बाईंचं चक्कीवाल्याशी काही भांडण झालं असणार, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

घराचं तेच. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही हे मी काय सांगावं. जूनमध्ये मुली राहायला यायच्या, त्याच्या आधी अक्का गच्चीवर चढायच्या, टाकीत काठी बुडवून बघायच्या, खाली येऊन जाहीर करायच्या, "ह्या वर्षी चार." मागच्या वर्षी पाच होत्या, पण टाकीला चीर गेली होती आणि वरची चौथाई आता भरता येत नव्हती, म्हणून चार. कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतः फोन केला की माझी भाची आहे, बघा जरा. अक्का म्हणाल्या, "सर, भाची गोड असेल, टाकी तेवढीच आहे." प्राचार्य महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, "अक्का, एक मुलगी काय जड होती?" तर माझ्यावरच उखडल्या. "सगळ्यांना हो म्हणायचं आणि शनिवारी नळ कोरडा पडला की एकीला बाहेर काढायचं? मशीन काय करतं माहीत आहे ना हद्द काढून टाकली की?"

माहीत होतं. हद्द नसली की सगळे आत शिरतात, मेमरी संपते, आणि मग कर्नल बघतं की सगळ्यात जास्त जागा कोणी अडवलीय, आणि त्याला सरळ मारून टाकतं. बहुतेक वेळा मरतो तो बिचारा डेटाबेस, ज्याच्या जिवावर बाकी सगळे जगत असतात. "दारात नाही म्हणायची ज्याला लाज वाटते ना," अक्का म्हणायच्या, "त्याला नंतर घरात खून करावा लागतो." असं बोलायची ही बाई. शहादाचा घास तोंडातच राहिला होता.

पण गंमत बघा, आंघोळीला एक बादली, ही नरम हद्द. केस धुवायच्या दिवशी दीड बादली आपल्या मनानं घ्यायची, विचारायचं नाही. दोन बादल्या ही कडक हद्द, ती फक्त अक्का उठवणार. चोपडाला ताप उतरल्यावर त्यांनी स्वतः तीन बादल्या कडकडीत पाणी काढून दिलं आणि बाहेर उभं राहून ओरडल्या, "पाठ नीट घास, परत परत मिळणार नाही!"

आणि ती खाट. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी खाट होती. गादी, धुतलेली चादर, उशी, पायथ्याशी गोधडी. त्या खाटेवर कोणी बसायचं नाही, पर्स टाकायची नाही, वाळलेले कपडेसुद्धा ठेवायचे नाहीत. अक्का स्वतः जमिनीवर सतरंजी टाकून टीव्ही बघायच्या आणि खाट रिकामी. अक्कांचे यजमान फार वर्षांपूर्वी गेलेले. नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला होते, मूलबाळ नव्हतं. आम्ही पोरींनी आपसात ठरवून टाकलं होतं की ही त्यांची खाट. साक्री तर रोज सकाळी तिच्या बाजूनं जाताना छातीला हात लावायची.

मग उन्हाळ्यात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बोदवडहून ती धुळ्याला येणार, दवाखाना एका दिवसात सोडणार, पण पुढं रोज थेंब घालायचे, तपासायला न्यायचं. मी लॉज बघत हिंडले. अक्कांना विचारायची माझी छाती झाली नाही. चारची हद्द मला पाठ होती. दोन दिवस त्यांनी माझं तोंड बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चपला घालताना म्हणाल्या, "आईला आणायला मी पण येते स्टेशनवर. खाटेवरची चादर बदललीय."

दवाखान्यातून घरी आणली, तर आई त्या खाटेवर बसेना. डोळ्याला पट्टी, एका हातात पिशवी, उभी राहून म्हणते, "अवो बाई, मालकाच्या खाटीवर मी कशी झोपू?"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मालकांची कुठली! ते जमिनीवर झोपायचे, पाठ धरायची त्यांची. बसा हो तुम्ही."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खाट समजावून सांगितली. कर्नल सगळी मेमरी कधीच वाटून टाकत नाही. थोडीशी हाताशी राखून ठेवतं. ती किती, हेही एकूण किती आहे ते बघूनच ठरतं. बाहेर कितीही रांग लागू दे, ती राखीव जागा साध्या कामाला मिळत नाही. सगळं घर गच्च भरून अडकून पडलं, तर निस्तरायला येणाऱ्या माणसाला आत शिरता आलं पाहिजे म्हणून ती. "रिकामी दिसते म्हणून लोकांचा जीव वरखाली होतो," अक्का म्हणाल्या. "तुझी आई आली तेव्हा कोणाला हलवावं लागलं का? नाही ना? बस्."

मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण त्यांनी लगेच विचारलं की आईच्या आंघोळीची बादली मी माझ्यातून देणार की अर्धी-अर्धी करायची.

आईची आणि अक्कांची अशी गट्टी जमली की मीच पाहुणी झाले. दुपारी कॉलेजातून येऊन बघावं तर दोघी शेंगा फोडत बसलेल्या. आणि आई गावी परत गेल्यावर तिनं फोनवर मला जे सांगितलं, ते मला इतके महिने त्या घरात राहून कळलं नव्हतं.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते, ते वेगळं सांगायला नको. रविवारी देवी बसायची, त्याच्या आधी रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण. भाऊबंदांतल्या घरोघरचे गहू मोजून घेतात, एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. जितकी नावं, तितकंच पीठ. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. अक्कांच्या सासरची कानबाई नरडाण्याजवळच्या खेड्यात, त्यांच्या दिरांच्या घरी बसते. यजमान होते तोवर अक्कांच्या घरची सव्वा मूठ त्यात असायची. ते गेले आणि मूठ थांबली. अक्का मात्र दर वर्षी जायच्या. पाच-पन्नास माणसांचं पुरण त्यांच्याच हातचं, कारण अंदाज त्यांचाच बरोबर. रोट त्यांना मिळायचा, कोणी वाईट वागत नव्हतं. पण नावं घेऊन गहू मोजायचे, तेव्हा अक्का तिथंच सूप धरून बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या घराचं नाव येत नसे.

"तिले मोजतच नाई वं तिच्या घरचे," आई म्हणाली. "सगळ्या दुनियेले मोजते ते बाई, अन् तिले कोनी मोजत नाई."

आधी मोज, मग दळ हे वाक्य कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं. पण अक्कांना विचारायची हिंमत नव्हती. त्या असल्या गोष्टी बोलत नसत.

त्याच वर्षी कॉलेजच्या सर्व्हरला नवी मेमरी मिळाली. किती अर्ज केले होते आम्ही! आली तेव्हा अक्कांनी कुंकू लावून बसवली. आता ऑनलाइन प्रवेशाला पोरं कितीही येऊ देत, अशा आम्ही तोऱ्यात. आणि प्रवेशाच्या पहिल्याच सकाळी सर्व्हर पहिल्यासारखाच अडला. अमुक इतकी पोरं आत गेली की पुढच्याला नाही. अक्का पहाटेपासूनच आत शिरून बसल्या होत्या, म्हणून बघता तरी आलं. आत बघावं तर निम्म्याच्या वर मेमरी रिकामी पडलेली. बाहेर व्हरांड्यात पोरांची गर्दी, कोणी शिरपूरहून आलेलं, कोणी पार तोरणमाळच्या पायथ्याहून, पहाटेची एसटी धरून. कोणाचा बाप खिडकीतून वाकून विचारतोय, "मॅडम, व्हई का आज?" प्राचार्यांचा फोन थांबेना. अक्का मशीनला काय वाट्टेल ते बोलत होत्या. "घर एवढं मोठं करून दिलं तुला, आणि दारातच अडून बसतेस, भवाने!"

दुपार कलली तेव्हा सापडलं. एका फाइलीत हाताने लिहिलेली एक ओळ होती: ह्याच्यावर कामं घ्यायची नाहीत, असा एक ठोक आकडा. कर्नल मेमरी बघून आपली हद्द काढायचं, आणि मग ही ओळ वाचून ती पुसून हा जुना आकडा लावायचं. माणसानं हातानं लिहिलेल्या शब्दापुढं कर्नल बोलत नाही. ओळीच्या वर, लिहिणाऱ्यानं आठवण म्हणून टाकलं होतं: तात्पुरतं. आणि पुढं अक्कांच्याच नावाची आद्याक्षरं.

मला वाटलं त्या ओरडतील. त्या खुर्चीत मागं टेकल्या. "मीच की," एवढंच म्हणाल्या. मग, "हे गेले त्या वर्षीचं आहे. तेव्हाचं मशीन एवढंसं होतं, सारखं मरायचं. मला नोकरी जाईल अशी धास्ती. म्हणून लावला आकडा. म्हटलं, नंतर काढू." पुढचं मशीन आलं तेव्हा जुन्या फायली जशाच्या तशा त्यावर चढवल्या, त्याबरोबर तो आकडाही आला. वर्षं गेली. "त्याला परत विचारलंच नाही मी, की बाबा, आता तुझ्याकडे किती आहे."

त्यांनी ती ओळ पुसली आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला. पांढऱ्या ओळी सरकल्या. एकूण इतकी, माझी इतकी, उरली ती तुमची. आणि हद्द, कोणी काही न सांगता, आपली आपण कितीतरी वर गेलेली. व्हरांड्यातून पोरांचा गलका आला, फॉर्म भरला जायला लागला म्हणून. मी आनंदानं टाळ्या पिटल्या. अक्का मात्र पडद्याकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. दिवसभर पुसलाच नव्हता, म्हणून असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता मी पुण्यात हेच काम करते. आमच्याकडे आता मशिनंसुद्धा भाड्यानं घेतात, एका मशीनमध्ये दहा घरं करतात आणि प्रत्येकाला मेमरी नेमून देतात. नवीन पोरं येतात, कुठं काही अडलं की पटकन एक आकडा ठोकतात आणि पुढं पळतात. मी त्यांच्यावर खेकसते, "तात्पुरतं लिहिलंयस, मग काढायला कोण येणार, तुझा मामा?" पोरं मला मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. अक्कांना दर रविवारी फोन असतो. त्या रिटायर झाल्यात, टाकी नवीन बसवलीय, हद्द सहावर गेलीय, आणि सध्याच्या नंदुरबारला म्हणे भाकरी थापता येत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या सर्व्हरच्या वर्षीच्या श्रावणाचं. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा झालं होतं आणि ती काळा चष्मा लावून खाटेवर बसलेली होती. शनिवार होता. दर वर्षी ह्या दिवशी अक्का सकाळच्या गाडीनं दिरांकडे निघायच्या, पुरणाची तयारी करायला. त्या दिवशी त्या निघाल्याच नाहीत. आंघोळ करून, नऊवारी नेसून, पुढच्या खोलीत गव्हाचं पोतं ओढून आणलं, समोर सूप ठेवलं, आणि आम्हा चौघींना हाक मारली, "या गं, बसा इथं."

आम्ही बसतो न बसतो तोच दारात मोटारसायकल थांबली. अक्कांचे दीर, नाना. वहिनी आली नाही म्हणून स्वतःच न्यायला आलेले. टोपी हातात घेऊन आत आले आणि पोतं बघून थबकले.

"वहिनी, हाई काय मांडेल शे?"

"रोटाचं मोजतेय, नाना. माझ्या घरचे रोट मी माझ्या घरी करीन आणि उद्या देवीला नैवेद्य घेऊन तुमच्याकडे येईन. पुरणही करीन, काळजी करू नका."

नाना खरं तर देवमाणूस. पण त्यांचा चेहरा कोमेजला. "घरमा माणूस नही, वहिनी. मंग रोट कोना नावना?"

"घरात जेवढे आहेत त्यांच्या."

"ह्या पोरी आपला कुळन्या नहीत. बाहेरनास्नी रोट खावाना नही रहास. लोके काय म्हंतीन?"

आम्ही चौघी माना खाली घालून बसलो. साक्रीनं माझा हात घट्ट धरला होता. अक्कांचा आवाज चढला नाही. त्या आता दिराच्याच अहिराणीत बोलल्या, "नाना, ज्याना नावना गहू मोजात, तो बाहेरना कसा व्हई?"

आई खाटेवरून म्हणाली, "अवो भाऊ, देवी काय मिशा मोजाले येते का? खानारी तोंडं मोजाले येते ते." शहादाला हसू आवरेना, तिनं ओढणी तोंडात कोंबली. आणि मग अक्कांनी नानांना विचारलं, जे त्यांनी इतकी वर्षं विचारलं नसणार. "माझ्या घरची मूठ बंद कोणी केली, नाना?"

नाना खाली बसले. सतरंजीच्या कडेला, टोपी गुडघ्यावर. टोपीशी चाळा करत म्हणाले, "कोनीच नही, वहिनी. दादा गया, त्या वरीसले सुतक व्हतं, म्हनीसन तुना घरनी मूठ लिधी नही. मंग परत कोनी इचारंच नही."

त्या एका वर्षापुरती थांबवलेली मूठ. पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी ती नसण्याचीच रीत झाली. मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. आम्हा दोघींना तेव्हा तीच एक ओळ दिसत होती, आणि दुसऱ्या कोणाला ते सांगूनही कळलं नसतं.

"मी पण नाही विचारलं, नाना," अक्का म्हणाल्या. "मीही धरूनच बसले की नाही म्हणजे नाही."

नानांनी डोळे पुसले, उघड उघड, टोपीनंच. मग सूप पुढं सरकवत म्हणाले, "चाल, मोज. आनी मनी बी एक मूठ टाक आठे. आते मी बी तुना घरमाच बठेल शे."

अक्कांनी मोजायला घेतलं. गव्हाची भरून एक मूठ, आणि वर चौथाई. आणि काय सांगू तुम्हाला, त्यांनी गावाचं नाव घेतलं नाही. प्रत्येकीचं खरं नाव घेतलं, आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण. इतके दिवस त्यांना ती सगळी येत होती! चोपडा तर स्वतःचं नाव ऐकून दचकलीच. माझं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्यानंतर आईचं. आईच्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं, तर अक्का तिच्यावर डाफरल्या, "डॉक्टरनं सांगितलंय ना, डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून!" मग नानांची मूठ. मग खाटेच्या नावानं एक, ज्याला कोणाला लागेल त्याची.

"झालं," म्हणून त्यांनी सूप उचललं.

"अक्का, थांबा," मी म्हटलं. "एक राहिली."

त्यांनी बोटांवर परत सगळे मोजले. "बरोबर आहे. कोण राहिलं?"

"तुम्ही."

"हॅट! मी कर्ती आहे इथली. कर्तीची कसली मूठ? उरलंसुरलं तिचं."

"पहिल्या दिवशी तुम्हीच त्या ओळीवर बोट ठेवलं होतंत ना," मी म्हटलं. ह्या बाईला शिकवायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. "घरात एकूण इतकं. त्यातलं माझं स्वतःचं इतकं. उरलं ते तुमचं. अक्का, ती कर्ती बाई आधी स्वतःची जागा धरते. ती धरली नाही तर बाकीच्यांना सांभाळणार कोण?"

अक्का सूप हातात धरून तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता माझी बादली अर्ध्यावर येणार. मग त्या खाली बसल्या. मला वाटलं होतं त्या माझ्या म्हणण्याखातर आणखी एक मूठ वर टाकतील आणि विषय संपवतील. त्यांनी तसं केलं नाही. मोजलेले सगळे गहू त्यांनी परत पोत्यात ओतले. रिकामं सूप पदरानं पुसलं, समोर ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.

पोत्यात हात घालून त्यांनी भरून मूठ काढली, सुपात सोडली. वर चौथाई टाकली. आणि हळू आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी स्वतःचं नाव घेतलं.